द कोलर्सचं ‘इटालोडिस्को’ : नव्या गाण्यात जुनं इटालो किती उरलंय?

खडीसाखर (धागाकर्ती)

इथल्या संगीत विभागात रागदारी, हिंदी सिनेमा, भावगीतं यांवर पानंच्या पानं आहेत. इटालो डिस्कोवर, म्हणजे ऐंशीच्या दशकात इटलीत सिंथेसायझरवर बनलेल्या नाचगाण्यांवर, मात्र शोधूनही काही सापडलं नाही, म्हणून हा धागा काढतेय. निमित्त ‘द कोलर्स’ या इटालियन बँडचं ‘इटालोडिस्को’ हे गाणं. मे २०२३ मध्ये ते आलं, त्या उन्हाळ्यात इटलीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं आणि तिथून युरोपात इतरत्रही पसरलं.

माझं मत आधी सांगते. गाणं मला मनापासून आवडतं. सरळ ठोका, पुढे रेटत नेणारा बेस आणि पहिल्याच ऐकण्यात तोंडी बसणारं ध्रुवपद. पण जुन्या इटालोशी त्याचं नातं आवाजाचं कमी आणि आठवणीचं जास्त आहे, आणि मला त्याबद्दलच बोलायचंय.

ज्यांनी हे संगीत ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं मागचं. जुलै १९७९ मध्ये शिकागोच्या कोमिस्की पार्क मैदानावर लोकांनी आणलेल्या डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोट करून उडवला गेला. अमेरिकेत डिस्कोची हवा ओसरली आणि कंपन्यांनी हात आखडता घेतला. इटलीतले डिस्को क्लब मात्र जोरात चालू होते आणि त्यांना सतत नवं काहीतरी हवं होतं. तिथल्या निर्मात्यांनी व्हायोलिनचे ताफे नि ट्रम्पेटवाले बाजूला ठेवून सिंथेसायझर, ड्रम मशीन आणि सीक्वेन्सरवर (ठरवून दिलेले सूर आपोआप वाजवणारं यंत्र) गाणी करायला घेतली. वाट आधीच दिसली होती: ओर्तिझेईत जन्मलेल्या जॉर्जिओ मोरोडरनं १९७७ मध्ये म्युनिकला डोना समरसोबत ‘आय फील लव्ह’ केलं होतं. मग १९८२-८३ पासून इटालो भरात आलं. गझेबोचं ‘आय लाइक शोपां’ आणि रायन पॅरिसचं ‘दोल्चे व्हिता’ ही दोन्ही १९८३ ची, आणि दोन्हींमागे पिएरलुइजी जोंबिनी हा एकच संगीतकार. ‘इटालो डिस्को’ हे नाव रूढ झालं ते जर्मनीत, झेडवायएक्स कंपनीच्या बर्नहार्ड मिकुल्स्कीच्या संकलनांमुळे.

आता मुद्दा. ती गाणी बहुतेक सगळी इंग्रजीत होती, कारण ती देशाबाहेर विकायची होती. गायकांची नावंही त्याच हिशेबानं ठेवलेली. रायन पॅरिस म्हणजे रोमचा फाबिओ रोशोली. उच्चार इटालियन, इंग्रजी वाक्यरचना कधी कधी विचित्र, आणि तरी गाणारा अगदी जीव ओतून गातोय. परक्या भाषेत प्रेमाबद्दल बोलताना माणूस साधे, मोठे शब्द निवडतो. पाऊस, रात्र, एकटेपण, टेलिफोन. इटालोची सगळी हुरहुर मला त्या साधेपणात सापडते.

कोलर्सनी बरोबर उलटं केलंय. त्यांचं गाणं इटालियनमध्ये आहे आणि ते इटालियन लोकांशीच बोलतं. ध्रुवपदात ते सांगतात की हे इबिझा (पार्ट्यांसाठी प्रसिद्ध स्पॅनिश बेट) नव्हे, आणि हाक मारतात ‘फेस्तिव्हालबार’ला. फेस्तिव्हालबार ही १९६४ पासून २००७ पर्यंत चाललेली उन्हाळी गाण्यांची स्पर्धा. सुरुवातीला बारमधल्या ज्यूकबॉक्सवर कुठलं गाणं किती वाजलं यावर विजेता ठरायचा. पुढे तो गावोगावच्या चौकांत फिरणारा टीव्हीचा कार्यक्रम झाला. चाळिशी-पन्नाशीतल्या कुठल्याही इटालियन माणसाच्या उन्हाळ्यात तो आहेच. जे संगीत एकेकाळी बाहेर पाठवायला बनवलं, ते चाळीस वर्षांनी घरी आणून घरच्या भाषेत गायलं गेलंय. मला हे फार हृद्य वाटतं. खुद्द कोलर्स २०१५ मध्ये ‘आमिची’ या टीव्ही स्पर्धेत जिंकले तेव्हा इंग्रजीतच गात होते, म्हणजे त्यांचा स्वतःचा प्रवासही हाच.

पण घरच्या भाषेत आल्यावर ते परकेपणातून येणारं कातरपण जातं का? मला वाटतं, जातं. तुम्हाला काय वाटतं ते लिहा.

---

रात्रपाळी

छान ओळख. हा प्रकार मी नावानिशी कधीच ऐकलेला नाही. वर्णनावरून नाझिया हसनच्या ‘डिस्को दीवाने’सारखं काही डोळ्यांपुढे आलं. त्याच कुळातलं का?

---

खडीसाखर

चुलत घराणं म्हणा. ‘डिस्को दीवाने’ १९८१ चं, लंडनला स्थायिक झालेल्या बिद्दूचं. त्याची मुळं सत्तरच्या दशकातल्या ब्रिटिश-अमेरिकन डिस्कोत आहेत. इटालोचा आवाज त्यापेक्षा यंत्राचा, मोकळा आणि थोडा गार. आज रात्रपाळीत आधी ‘दोल्चे व्हिता’ ऐका, मग कोलर्सचं. फरक लगेच कानांना कळेल.

---

मिलानची_मुक्ता

मी शिकायला इथे आले आणि नोकरीला लागून इथेच राहिले. २०२३ चा उन्हाळा या गाण्यानं व्यापला होता. सुपरमार्केटमध्ये, ट्राममध्ये कुणाच्या तरी फोनवर, लिगुरियाच्या किनाऱ्यावर छत्र्या-खुर्च्या भाड्यानं देणाऱ्या प्रत्येक ‘बान्यो’त. इथे दर उन्हाळ्याला एक-दोन गाणी अशी निघतातच, त्यांना ‘तोरमेंतोने’ म्हणतात. पंधरा ऑगस्टच्या फेर्रागोस्तोच्या सुट्टीपर्यंत त्यांनी डोकं उठवलेलं असतं आणि सप्टेंबरात शाळा सुरू झाल्या की ती गायब होतात. हे गाणं गायब झालं नाही. डिसेंबरात ऑफिसच्या जेवणानंतरही ते लावलं गेलं.

खडीसाखर, तुमचा फेस्तिव्हालबारचा मुद्दा मी डोळ्यांनी पाहिलाय. आमच्या टीममध्ये पन्नाशीच्या एक बाई आहेत. ध्रुवपदात तो शब्द आला की त्या हातातलं काम ठेवून गातात. त्यांच्या लहानपणी तो कार्यक्रम त्यांच्या गावच्या चौकात आला होता आणि वडिलांच्या खांद्यावर बसून त्यांनी तो पाहिला. पंचविशीतले सहकारी तेच गाणं तेवढ्याच जोरात गातात, आणि त्यांना त्या स्पर्धेची फारशी आठवण असणार नाही. दोन पिढ्यांना एका ओळीवर आणणारं दुसरं गाणं मी इथे इतक्या वर्षांत पाहिलेलं नाही.

कातरपण गेलं, हे मात्र मला पटत नाही. भाषा कळत असेल तर या गाण्यात तुम्हाला उन्हाळा निसटून चालल्याची जाणीव ऐकू येईल. इटालियन उन्हाळी गाण्यांत ती जुनीच आहे. रिगेइराचं १९८५ चं गाणं आठवा, ‘लेस्ताते स्ता फिनेंदो’, उन्हाळा संपत आलाय. ते इटालियनमध्येच होतं आणि त्याच वर्षी फेस्तिव्हालबार जिंकलं होतं. तेव्हा इटालियनमध्ये गायलं म्हणून हुरहुर कमी होते असं नाही. ते गाणं ऐकून इथे आजही लोक गप्प होतात.

---

जुनी_कॅसेट

धागा काढल्याबद्दल मनापासून आभार. या संगीतावर मराठीत कुणी लिहील असं वाटलं नव्हतं.

पण मी स्पष्ट विरोधात मत देतो. कोलर्सचं गाणं चांगलं पॉप गाणं आहे. इटालो डिस्को म्हणून मात्र ते मला मान्य नाही. इटालोत एक पोकळी असते. ठोका आणि सूर यांच्या मध्ये मोकळी जागा असते, तिच्यात प्रतिध्वनी घुमतो, आणि गायक दूर कुठेतरी उभा असल्यासारखा ऐकू येतो. सॅव्हेजचं ‘डोंट क्राय टुनाइट’ किंवा व्हॅलेरी डोरचं ‘द नाइट’ लावून पाहा. कोलर्सच्या गाण्यात तसूभर जागा रिकामी नाही. गायक कानाशी येऊन गातो. सगळं भरलेलं, सगळं उजेडात. फोनच्या छोट्या स्पीकरवर खणखणीत वाजावं म्हणून आजची गाणी अशी घडवतात, आणि इटालोला नेमका तो उजेड मानवत नाही.

नवं इटालो ऐकायचं असेल तर स्वीडनला जा. सॅली शपिरो. हे टोपणनाव आहे. गाणारीनं आपलं खरं नाव कधी उघड केलं नाही, संगीत योहान आगेब्यॉर्नचं. २००६ मध्ये ‘आयल बी बाय युअर साइड’ आणि ‘डिस्को रोमान्स’ हा अल्बम आला. बाई इतक्या लाजाळू की मंचावर गात नाहीत, रेकॉर्डिंगच्या वेळी खोलीत दुसरं कुणी नको म्हणतात. तो संकोच प्रत्येक ओळीत उतरलाय. २०१६ मध्ये त्यांनी थांबायचं ठरवलं तेव्हा मला खरंच वाईट वाटलं होतं. २०२१ मध्ये परत आल्या, आणि ‘सॅड सिटीज’ हा २०२२ चा अल्बम तर मी अजून महिन्यातून एकदा तरी ऐकतो. तिथे ना फेस्तिव्हालबार आहे ना समुद्रकिनारा. बर्फ आहे, रिकामे रस्ते आहेत, आणि ते शंभर टक्के इटालो आहे.

आणखी एक. हे संगीत पडत्या काळात जपलं ते नेदरलँड्सच्या हेग शहरातल्या लोकांनी. आय-एफ या डीजेनं १९९९ मध्ये ‘मिक्स्ड अप इन द हेग’ नावाचं मिश्रण काढलं आणि विसरल्या गेलेल्या तबकड्या नव्या पिढीच्या हातात ठेवल्या. इटलीत तेव्हा या गाण्यांना फारसं कुणी विचारत नव्हतं. आज इटलीनं त्याच नावानं उन्हाळा साजरा करावा याचा मला आनंद आहे, पण हेगचं ऋण कुणी बोलून दाखवत नाही, ते खटकतं.

---

सूरपेटी

मी ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो, त्यामुळे मतापेक्षा आधी सांगाडा मांडतो.

जुनं इटालो मिनिटाला साधारण ११० ते १२५ ठोक्यांचं. प्रत्येक मात्रेवर किक (पायानं वाजवायचा मोठा ड्रम), दुसऱ्या नि चौथ्या मात्रेवर टाळी किंवा स्नेअर (छोटा, कडक आवाजाचा ड्रम), दोन मात्रांच्या मधोमध उघडी हायहॅट (झांजांची जोडी). बेस सीक्वेन्सरवर चढवलेला: खालचा सा, वरचा सा, खालचा सा, वरचा सा, असा अर्ध्या-अर्ध्या मात्रेवर न थकता चाललेला. त्यावर लांब धरलेले स्वरमेळ आणि एखादी शिट्टीसारखी पातळ धून. ड्रमसाठी रोलंडचं टीआर-८०८, ओबरहाइमचं डीएमएक्स किंवा लिनड्रम; सुरांसाठी जुनो-६०, ज्युपिटर-८, आणि १९८३ नंतर यामाहाचा डीएक्स-७. तो आला आणि सगळीकडे काचेच्या घंटा वाजू लागल्या.

यातली खरी गंमत बेसची आहे. यंत्राचा बेस प्रत्येक स्वराला सारखं वजन देतो. माणसाच्या बोटांना ते जमत नाही आणि जमू नये. यंत्र इतकं निर्विकार चाललेलं असतं म्हणून त्यावर गाणाऱ्याचं कापरं मन उठून दिसतं. जुनी_कॅसेट ज्याला पोकळी म्हणतात ती मला वाटतं इथून येते, नुसत्या प्रतिध्वनीतून नाही.

आता कोलर्स. हा मंचावर वाजवून तयार झालेला बँड आहे, त्यांच्याकडे ड्रमर आहे, बेसवादक आहे. ‘इटालोडिस्को’चा ठोका इटालोचा, पण वरच्या थरात मला अमेरिकन फंकचा हात ऐकू येतो: गिटारची छाटलेली सुरावट, बेसची झुलती चाल. घरी हेडफोन लावून दोन्ही लागोपाठ ऐका. ‘दोल्चे व्हिता’वर तुमची मान वर-खाली हलेल, कोलर्सवर खांदे आडवे हलतील. शरीर खोटं बोलत नाही.

तरीही मी गाण्याच्या बाजूनं आहे. माणूस नि यंत्र यांची भेसळ या घराण्यात पहिल्यापासून आहे. ‘आय फील लव्ह’मध्ये सगळं मूग सिंथेसायझरवर आहे, पण किक कीथ फोर्सीनं पायानं वाजवलेली आहे, कारण यंत्रातून हवा तसा दणका निघेना. जे मोरोडरला चाललं ते कोलर्सनाही चालू द्या.

मला चुकल्यासारखं वाटतं ते लांबीबाबत. जुनी इटालो गाणी बारा इंची तबकडीवर यायची, सहा-सात मिनिटांची, आणि दुसऱ्या बाजूला शब्दांशिवायचं रूप. सुरुवातीला मिनिटभर नुसता ठोका, मग बेस, मग धून. डीजेला जोडायला जागा आणि नाचणाऱ्याला रंगात यायला वेळ. कोलर्सचं गाणं तीन मिनिटांच्या आसपास संपतं. अंग गरम होतंय तोवर दिवे लागतात. त्यांनी याचं लांब रूप करायला हवं होतं, नावाची तेवढी जबाबदारी घ्यायलाच हवी होती.

जाता जाता मुंबईचं एक सांगायचा मोह आवरत नाही. इटलीत हे चाललं होतं त्याच वेळी, १९८२ मध्ये, हिंदी सिनेमाच्या स्टुडिओंत वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी ज्युपिटर-८, टीआर-८०८ आणि टीबी-३०३ हे बेसचं यंत्र घेऊन दहा राग डिस्कोच्या ठोक्यावर बसवले. एचएमव्हीनं तबकडी काढली, कुणी लक्ष दिलं नाही. २०१० मध्ये एका डच संग्राहकानं ती पुन्हा काढली तेव्हा जग चकित झालं. खाली सीक्वेन्सरचा अखंड खर्ज, वर भैरव, मधुवंती. ऐकाच.

---

रात्रपाळी

ऐकलं, दोन्ही, सांगितलेल्या क्रमानं. ‘दोल्चे व्हिता’ चारदा ऐकलं. कोलर्सचं जास्त वेळा, आणि सकाळी घरी जाताना तेच ओठांवर होतं.

मला एक प्रश्न पडला. जुन्या गाण्यांचे व्हिडिओ पाहताना काही ठिकाणी ओठ आणि आवाज यांचा मेळ लागत नाही. डेन हॅरो नावाचा गायक पाहिला. देखणा, उंच, पण आवाज त्याचा वाटला नाही. हा माझा भास की खरंच तसं?

---

जुनी_कॅसेट

भास नाही. डेन हॅरो म्हणजे स्टेफानो झांद्री. चेहरा आणि नाच त्याचा; गाजलेल्या बऱ्याच गाण्यांत आवाज टॉम हूकर या अमेरिकेत जन्मलेल्या गायकाचा. ही गोष्ट पुढे उघड झाली, दोघांत जाहीर वाद झाला, आणि त्यावर २०१८ मध्ये ‘डॉन्स ऑफ डिस्को’ नावाचा माहितीपट आला. हूकर पुढे अमेरिकेत छायाचित्रकार झाला.

इटालोची रचनाच अशी होती. निर्माता आणि त्याचा स्टुडिओ हे मूळ. नाव, चेहरा, आवाज हे सुटे भाग. हीच रीत पुढे इटलीच्या नृत्यसंगीतात टिकली. १९८९ चं ब्लॅक बॉक्सचं ‘राइड ऑन टाइम’ पाहा, पडद्यावर मॉडेल आणि आवाज लोलेटा हॉलोवेच्या जुन्या गाण्यातून उचललेला. १९९३ चं कोरोनाचं ‘द रिदम ऑफ द नाइट’ही तसंच, व्हिडिओत ओल्गा सूझा आणि गाणारी जेनी बी. ते गाणं काढलं रॉबर्तो झानेत्तीच्या कंपनीनं, आणि झानेत्ती म्हणजेच आमचा सॅव्हेज. तो मात्र स्वतःच्या गाण्यांत स्वतः गायचा.

---

खडीसाखर

जुनी_कॅसेट, इथे मला कोलर्सची बाजू जोरात घ्यायचीय. त्यांचा गायक स्टॅश स्वतः गातो, बँड स्वतः वाजवतो, आणि मंचावर गाणं तितकंच उभं राहतं. ज्या घराण्यात खऱ्या गायकांना पडद्यामागे ठेवलं गेलं, त्याचं नाव घेऊन एक बँड आपल्या चेहऱ्यानं, आपल्या गळ्यानं पुढे येतो, ही मला मोठी गोष्ट वाटते. हूकरसारख्या गायकांवर झालेला अन्याय मला आजही बोचतो. गाणं तुमच्या आवडीचं, पण ज्यानं ते गायलं त्याचं नाव तुम्हाला माहीत नाही! ‘टार्झन बॉय’ घ्या. बाल्टिमोरा म्हणून जग ओळखतं ते उत्तर आयर्लंडच्या जिमी मॅकशेनला, आणि त्या गाण्यात मुख्य आवाज नक्की कुणाचा यावर आजतागायत वाद चालू आहे. मॅकशेन १९९५ मध्ये एड्सनं गेला, ऐन तरुण वयात. त्याचा तो व्हिडिओतला आनंद पाहिला की आवाज कुणाचा हा प्रश्नही मला नकोसा होतो.

मुक्ता, ‘लेस्ताते स्ता फिनेंदो’चा दाखला जबरदस्त आहे आणि माझ्या मूळ मुद्द्याला तो धक्का देतो, हे मान्य. पण रिगेइराचं त्याआधीचं गाणं बघा. १९८३ चं ‘व्हामोस आ ला प्लाया’, स्पॅनिशमध्ये. जग त्याच्यावर किनाऱ्यावरचं गाणं म्हणून नाचलं. शब्द आहेत अणुबॉम्ब पडल्यानंतरच्या समुद्राचे: किरणोत्सारी वारा, चमकणारं पाणी. निर्माते ला बिओंदा बंधू. परकी भाषा असल्यामुळे बहुतेकांना ते कळलंच नाही, आणि त्या न कळण्यात एक विलक्षण ताकद होती. तसं दुपदरी गाणं घरच्या भाषेत लपत नाही. कोलर्सच्या गाण्यात दुसरा पदर आहे, तो उन्हाळा सरण्याचा, तुम्ही म्हणता तसा. पण तो पहिल्या पदराला कधी हादरवत नाही.

---

डॉ_वोल्गा

मी कझानला एमबीबीएस केलं, आता कोल्हापूरला आहे. तुम्ही सगळे इटली, स्वीडन, हेग म्हणताय आणि रशियाचं नाव कुणी घेतलं नाही म्हणून लिहायला बसले!

रशियात हे संगीत कधी मेलंच नाही. टॅक्सीत बसलात की जुन्या गाण्यांच्या स्टेशनवर सॅव्हेज, केन लास्लो, गझेबो, मोडर्न टॉकिंग एकामागून एक. (मोडर्न टॉकिंग जर्मन, ते इटालो नव्हे, मला माहीत आहे, पण तिथे सगळं एकाच पंगतीत वाढतात.) २००२ पासून मॉस्कोत ऐंशीच्या दशकातल्या डिस्कोचा भलामोठा वार्षिक कार्यक्रम सुरू झाला आणि त्यात हे जुने इटालियन गायक स्टेडियम भरून गायले. त्याच लोकांना मिथुनचं ‘जिमी जिमी’ही पाठ. मी भारतीय म्हटल्यावर वॉर्डातल्या आजी ते गाऊन दाखवायच्या.

मला यातून एक कळलं. सोव्हिएत काळात त्या आजींना ना इंग्रजी येत होतं ना इटालियन. गाण्याचे शब्द त्यांच्यासाठी नुसते स्वर होते. तरी त्यांनी ते आयुष्यभर जपलं. मग भाषा इंग्रजी की इटालियन, यानं हुरहुर ठरते हे मला पटत नाही. चाल ठरवते. आणि चालीबाबत माझं मत कोलर्सना अनुकूल आहे. ध्रुवपद सुरू व्हायच्या आधी जो क्षणभराचा दम घेतलाय, तो अगदी त्या जुन्या घराण्याचा आहे.

---

हणजूणकर

आमच्या गोंयचा संबंध लावून देतो. ऐंशीच्या दशकात हणजूण-वागातोरच्या किनाऱ्यावर ज्या रात्रभराच्या पार्ट्या व्हायच्या, तिथे परदेशी डीजे कॅसेटवर वाजवायचे. तबकड्या उन्हात वाकतात, वाळूनं खराब होतात. लॉराँ हा फ्रेंच डीजे त्यांतला सगळ्यांत माहीत असलेला. ही मंडळी युरोपातून येणाऱ्या इलेक्ट्रॉनिक गाण्यांतले शब्द कापून टाकायची आणि वाद्यांचे तुकडे जोडून लांबलचक पट्टे तयार करायची. त्यांत बेल्जियन नि जर्मन संगीत होतं तसं इटालोही होतं. सूरपेटी म्हणतात ती शब्दांशिवायची दुसरी बाजू इथे कामी यायची. पुढे नव्वदीत जो गोवा ट्रान्स म्हणून जगभर गेला, त्याच्या पायात हेही आहे.

म्हणून मला कोलर्सच्या गाण्यात पहिली उणीव जाणवते ती हीच. शब्द काढले तर मागे काय उरतं? ‘आय लाइक शोपां’मधून गायक काढा, पियानोची ती धून उरते आणि ती एकटी रात्र काढू शकते. माय माइनचं ‘हिप्नॉटिक टँगो’, शब्द काढा, उलट जास्त चढतं. कोलर्सच्या गाण्यातून आवाज काढला तर चांगली संगत उरते, गाणं उरत नाही. हा दोष म्हणत नाही मी. ते गाणं गळ्याचं आहे. पण नाचाच्या जमिनीवर पहाटे चारला मी ते लावणार नाही. रात्री अकराला नक्की लावीन.

---

जुनी_कॅसेट

हणजूणकर, शब्द काढून बघायची ही कसोटी मला फार आवडली. सॅली शपिरोलाही ती लावून पाहिली आत्ता. संगीत उरतं, पण तिचा आवाज नसेल तर मन रमत नाही. म्हणजे माझ्या लाडक्या गाण्यालाही ती कसोटी जड जाते. तरी पोकळीचा मुद्दा मी सोडत नाही.

---

सूरपेटी

हणजूणकर, एक भर. शब्दाविना चालणारं इटालो कुठवर गेलं याचं मोठं उदाहरण म्हणजे क्लाइन अँड एमबीओचं ‘डर्टी टॉक’, १९८२ चं. मँचेस्टरच्या न्यू ऑर्डर या बँडनं १९८३ मध्ये ‘ब्लू मंडे’ केलं तेव्हा त्यावर या गाण्याच्या रचनेचा प्रभाव होता. इटलीतल्या एका छोट्या स्टुडिओतून निघालेला ठोका इंग्लंडच्या सगळ्यांत जास्त खपलेल्या बारा इंची तबकडीत जाऊन बसला! कोलर्सच्या गाण्यातून असं पुढचं काही जन्माला येईल का, हा माझ्या दृष्टीनं खरा प्रश्न. आत्तापर्यंत मला तसं काही ऐकू आलेलं नाही.

---

रात्रपाळी

माझ्यासारख्या नवशिक्यानं पुढे काय ऐकावं? आणि कोलर्सची बाकीची गाणी याच वळणाची आहेत का?

---

खडीसाखर

पुढचं सांगते, क्रम माझ्या आवडीचा: कानोचं ‘आयम रेडी’ (१९८०), त्यात डिस्को यंत्राकडे वळताना प्रत्यक्ष ऐकू येतो. मग ‘हिप्नॉटिक टँगो’. मग अलेक्झांडर रोबोटनिकचं ‘प्रोब्लेम दामूर’, तेही १९८३ चं, फ्रेंचमध्ये आणि जरा तिरकं. मग ‘डोंट क्राय टुनाइट’, रात्रीच आणि एकट्यानं ऐका. शेवटी सॅली शपिरो, जुनी_कॅसेट यांच्या शब्दाखातर आणि माझ्याही.

कोलर्सचं यानंतरचं ऐकण्यासारखं म्हणजे ‘उन रगात्सो उना रगात्सा’, २०२४ च्या सानरेमो या इटलीतल्या गाण्यांच्या महोत्सवातलं. पुन्हा सरळ ठोका, पुन्हा ऐंशीचं वळण. मला ते ‘इटालोडिस्को’पेक्षा किंचित उजवं वाटतं, कारण त्यात कुठल्याही जुन्या नावाचा आधार घेतलेला नाही, मुलगा आणि मुलगी भेटतात, एवढंच. तिथे हुरहुर आपोआप आली आहे. २०१८ मध्ये ते याच महोत्सवात ‘फ्रीदा’ घेऊन गेले होते, तेही लावून बघा म्हणजे बँड कुठून कुठे आला ते कळेल.

---

मिलानची_मुक्ता

‘उन रगात्सो उना रगात्सा’ उजवं? अजिबात मान्य नाही! ते नीटस आहे, पण ऑफिसातल्या त्या बाई त्यावर काम थांबवत नाहीत. सूरपेटी, तुम्ही दोन्ही गाण्यांचा बेस ऐकून सांगा, मग आपण पुढे भांडू.